क्रँक पुली डुगडुगतेय? टायमिंग बेल्ट बदलताना ढिलेपणा नेमका कुठे शोधायचा

क्रँक पुली, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या शाफ्टच्या (क्रँकच्या) टोकावरचं, बाहेरचे बेल्ट फिरवणारं चाक, ढिली वाटली की हात आधी मधल्या बोल्टकडे जातो. लांब दांडा लावायचा, अंगातलं बळ काढून आवळायचं आणि कव्हर बंद करायचं. पुली तेवढ्यापुरती गप्प बसते, पण काही दिवसांनी पुन्हा डोलायला लागते, आणि तोवर क्रँकचं टोक आणखी खाल्लं गेलेलं असतं.

ढिलेपणाच्या जागा तीन. बोल्टने दाबून धरलेला जोड, चावी आणि तिची खाच, आणि पुलीच्या पोटातलं रबर. तिन्ही दोष बाहेरून जवळपास सारखे दिसतात, उपाय मात्र तिन्हींचे वेगळे. बोल्ट आवळणं हा फक्त पहिल्यावरचा उपाय आहे, आणि तोही जोडाची तोंडं शाबूत असतील तरच. टायमिंग बेल्टचं (क्रँक आणि वाल्व्ह उघडणारा कॅम यांना एका तालात बांधणाऱ्या पट्ट्याचं) काम निघालंच आहे तर पुली तशीही उतरणार. तपासायची हीच वेळ.

जोड टिकतो कशावर

बेल्टवर चालणाऱ्या बहुतेक इंजिनांत क्रँकच्या टोकावर आतून बाहेर साधारण असा क्रम असतो: ऑइल सील, टायमिंग स्प्रॉकेट म्हणजे बेल्ट फिरवणारं छोटं दातेरी चाक, बेल्ट बाजूला सरकू नये म्हणून पातळ गाइड प्लेट, मग पुली, जाड वॉशर आणि शेवटी बोल्ट. बोल्ट ही सगळी चळत क्रँकच्या खांद्यावर दाबून धरतो. स्प्रॉकेट आणि क्रँक यांच्यामध्ये अर्धचंद्राकृती किंवा चौकोनी पोलादी चावी असते; बऱ्याचदा पुलीच्या खाचेतही तीच जाते.

चावीचं काम स्प्रॉकेट बरोबर कोनात बसवण्याचं. रोजचा भार तिने वाहायचा नसतो, तो घर्षणाने वाहायचा असतो आणि ते घर्षण बोल्टच्या दाबातून येतं. १४ मिलिमीटर जाडीचा बोल्ट स्वच्छ आट्यांवर १५० न्यूटन-मीटरला आवळला, तर चळतीवर अंदाजे ५३,००० न्यूटन, म्हणजे सव्वापाच टनांहून जास्त दाब बसतो. तोच बोल्ट गंजलेल्या, कचरा भरलेल्या आट्यांत त्याच १५० ला आवळला तर दाब साडेतीन टनांच्या आसपासच राहतो. टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेली आवळणी झाली की आवाज करणारा पाना, दोन्ही वेळा सारखाच टिक्क करतो. लावलेल्या ताकदीतली साधारण निम्मी बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जाते, ४० टक्क्यांच्या आसपास आट्यांत, आणि दाब द्यायला उरतात जेमतेम दहा टक्के. त्यामुळे घर्षणात थोडा जरी फरक पडला तरी त्याचा सगळा फटका त्या दहा टक्क्यांना बसतो.

दाब कमी पडला की भार चावीवर येतो. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या एका फेरीत दोन स्फोट होतात. आयडलिंगला ८०० फेऱ्या धरल्या तरी मिनिटाला १६०० ठोके झाले. प्रत्येक ठोक्याला क्रँक पुढे झेपावतो आणि वजनदार पुली मागे रेलते, मग उलट. मध्ये सापडलेली चावी दोन्ही बाजूंनी कुटली जाते. आधी चावी चेपते, मग स्प्रॉकेटची खाच रुंदावते, आणि सगळ्यात शेवटी क्रँकची.

याचा टायमिंगवर होणारा परिणाम आकड्यात पाहू. क्रँकचं टोक ३० मिलिमीटर व्यासाचं असेल आणि खाचेत पाव मिलिमीटरची चाल असेल, तर स्प्रॉकेट जवळपास १ अंशाने मागेपुढे होतं. चाल १ मिलिमीटर झाली की पावणेचार अंश. तुलनेसाठी सांगायचं तर २० दातांच्या स्प्रॉकेटवर बेल्ट एक दात चुकला की १८ अंशांचा फरक पडतो. म्हणून झिजलेल्या चावीने इंजिन लगेच बंद पडत नाही. ते मंदावतं, आयडलिंगला थरथरतं, इंधन जास्त पितं, आणि दोष भलतीकडेच शोधला जातो.

काही इंजिनांत चावीच नसते. रेनॉचं के४एम आणि फोर्डचं सिग्मा ही त्यातली माहितीतली. तिथे स्प्रॉकेट निव्वळ बोल्टच्या दाबावर धरलेलं असतं. बोल्ट सैल केला त्या क्षणी क्रँक आणि कॅम यांचं नातं तुटतं. अशा इंजिनावर क्रँक आणि कॅमच्या लॉकिंग पिना आणि सेटिंग पट्ट्या हाताशी असल्याशिवाय बोल्टला पाना लावू नये. जोडाच्या तोंडांवर तेलाचा पुसटसा थरही तिथे चालत नाही.

काही उघडण्याआधी पाच मिनिटं

इंजिन चालू ठेवून पुढच्या चाकाच्या पोकळीतून किंवा वरून, प्रकाश टाकून पुलीकडे पाहायचं. बाह्या, केस, दोऱ्या बेल्टपासून लांब. काठाशेजारी न हलणारी एखादी खूण नजरेने पक्की करावी, म्हणजे डोलणं किती आहे ते कळतं. मधला भाग बोल्टसकट स्थिर आणि फक्त बाहेरचं कडं डोलतंय, असं असेल तर रबर गेलं. मधला भागही डोलतोय तर बोल्ट, चावी किंवा बसणी यांपैकी काहीतरी.

रबराची शंका असेल तर इंजिन बंद करून पुलीच्या मधल्या भागापासून बाहेरच्या कड्यापर्यंत रंगाची किंवा खडूची एक सरळ रेघ ओढायची. इंजिन थोडा वेळ चालवून, दोनचार वेळा वेग वरखाली करून पुन्हा पाहायचं. रेघ रबराच्या जागी तुटून सरकली असेल तर कडं घसरतंय. ही चाचणी करायला बिनखर्चाची, आणि पुढे एक मोठी चूकही टाळते: बऱ्याच पुल्यांवर टायमिंगची खूण बाहेरच्या कड्यावर असते, आणि कडं घसरलं की ती खूण खोटी बोलते. तिच्या भरवशावर बेल्ट बसवला तर काम मन लावून केलेलं, पण चुकीचं.

बोल्टच्या वॉशरभोवती किंवा पुलीच्या मध्याजवळ विटकरी रंगाची बारीक पूड दिसली, तर दोन पोलादी तोंडं एकमेकांवर घासताहेत. पावसाने येणाऱ्या साध्या गंजापेक्षा ही पूड वेगळी ओळखू येते. बोटाला पीठ लागावं तशी लागते. आवाजाचं सांगायचं तर ढिली पुली आयडलिंगला असा ठोका देते की कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलं असं वाटावं. इंजिन उतरवायचं ठरवण्याआधी बाहेरचे बेल्ट काढून इंजिन काही सेकंद चालवून बघावं. ठोका बदलला किंवा थांबला तर आधी पुलीकडे वळावं. बाहेरच्या बेल्टवर वॉटर पंप चालत असेल तर ही चाचणी अगदी थोडक्यात आटपायची.

स्कॅनरवर क्रँक सेन्सरचे पी०३३५, पी०३३६ किंवा क्रँक आणि कॅम जुळत नसल्याचा पी००१६ हे कोड असतील, आणि त्या इंजिनात सेन्सरचं दातेरी कडं पुलीवर किंवा स्प्रॉकेटवर असेल, तर सेन्सर बदलण्याआधी पुली तपासावी.

बोल्ट सोडवताना

बॅटरीची ऋण तार काढावी. गाडी जॅकवर नको, पक्क्या स्टँडवर. बोल्ट सैल करण्याआधी इंजिन टायमिंगच्या खुणांवर आणून ठेवायचं आणि फिरवायचं ते नेहमी त्याच्या चालण्याच्या दिशेने. बहुतेक इंजिनं पुलीकडून पाहिल्यास घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतात; होंडाची जुनी बी, डी, एफ आणि एच मालिकेतली इंजिनं उलटी फिरतात. शंका असेल तर मॅन्युअल बघावं. कॅमच्या बोल्टला पाना लावून सगळं इंजिन ओढू नये.

क्रँक धरून ठेवायला सर्वात चांगलं म्हणजे त्या पुलीसाठी बनलेला होल्डर. होंडाच्या पुष्कळ पुल्यांना मध्ये ५० मिलिमीटरचा षटकोनी खळगा त्यासाठीच असतो. नाहीतर स्टार्टर काढून किंवा गिअरबॉक्सच्या खिडकीतून फ्लायव्हीलच्या दातांत लॉक बसवावा. मॅन्युअल गिअरची गाडी चाकं जमिनीवर ठेवून, सर्वात वरच्या गिअरमध्ये टाकून, दुसऱ्या माणसाने ब्रेक दाबून धरला तरी बऱ्याचदा भागतं. ऑटोमॅटिकमध्ये हे जमत नाही.

टायमिंगच्या पिनेवर जोर कधीही घेऊ नये. पिन जागा दाखवायला असते. दीडशे न्यूटन-मीटरला ती वाकते, नाहीतर ब्लॉकचं भोक फोडते. आणि पान्याचा दांडा चेसिसला टेकवून स्टार्टर मारण्याची जी युक्ती सांगितली जाते, ती इथे विसरावी. दांडा निसटला तर माणूस जखमी होतो, उलट्या फिरणाऱ्या इंजिनात बोल्ट सुटण्याऐवजी आणखी आवळला जातो, आणि बेल्ट उतरलेला असताना स्टार्टर मारला तर पिस्टन वाल्व्हवर आदळू शकतात.

षटकोनी, खोल, इम्पॅक्टला चालणारी गोटी (सॉकेट) वापरावी. बारा कोनांची गोटी बोल्टचे कोपरे गोल करते. बोल्ट सुटायला किती जोर लागला हे लक्षात ठेवावं. ‘कट्ट’ आवाज करून, मीटरभर दांड्यावर वजन टाकून सुटला तर आवळणी ठीक होती. आखूड रॅचेटने सहज फिरला तर दोषाचं निम्मं उत्तर मिळालं.

पुली पुष्कळ इंजिनांत हातानेच निघते. अडली तर तिच्या अंगात पुलरसाठी आटे पाडलेली दोन भोकं आहेत का ते पाहावं. तीन पायांचा पुलर बाहेरच्या काठाला अडकवून ओढलं की डॅम्परचं, म्हणजे पुलीच्या पोटातलं, रबर सुटतं आणि चांगली पुली निकामी होते. पुली सरकवताना चावी पडते, आणि ती खालच्या कव्हरमध्ये जाऊन बसते. आधीच फडकं अंथरून ठेवावं.

बोल्ट काढल्यावर पुली क्रँकवर किंचित आतबाहेर हलली किंवा सहज सरकली तर घाबरायचं कारण नाही. सरकत्या बसणीची पुली अशीच असते. चिंतेची गोष्ट म्हणजे फिरवून पाहताना जाणवणारी चाल, चावीवर होणारी टकटक.

सुटे भाग काय सांगतात

आधी पाहायचं, मग पुसायचं. उलटं केलं तर पुरावा जातो. विटकरी पूड कोणत्या तोंडांमध्ये आहे, वॉशरवर चकाकती गोल रिंग पूर्ण उमटलीय का अर्धीच, गाइड प्लेटवर चावीचा ठसा आहे का, हे टिपून घ्यावं. वॉशरवर रिंग एकाच बाजूला ठळक असेल तर पुली तिरकी बसली होती. पुलीच्या आतल्या तोंडावर चावीच्या आकाराचा खळगा दिसला तर मागच्या वेळी कोणीतरी खाच न जुळवता पुली चावीवर चढवून आवळली होती. अशा वेळी टॉर्क रेंच आकडा बरोबर दाखवतो, पण दाब चळतीवर बसतच नाही; तो चावी चिरडण्यात जातो. पहिल्या काही तासांत चावी दबली की बोल्ट आपोआप सैल.

मग ब्रेक क्लीनर आणि धागे न सोडणाऱ्या कापडाने सगळं साफ करून चावी बघायची. तिच्या बाजू सपाट आणि कडा सरळ हव्यात. बाजूला पायरी पडली असेल, कडेचा धातू मशरूमसारखा फुगला असेल तर ती टाकून द्यावी. नवी चावी क्रँकच्या खाचेत हलक्या ठोक्याने बसली पाहिजे. बोटाने टाकली आणि डुगडुगली तर खाच झिजलीय. नव्या चावीवर स्प्रॉकेट चढवून, क्रँक स्थिर धरून, स्प्रॉकेट दोन्ही बाजूंना हाताने फिरवून बघावं. चाल हाताला कळते. कळली तर चावीच्या बाजूने फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घालून ती किती आहे ते मोजावं, आणि स्प्रॉकेटकडे आहे की क्रँककडे हेही वेगळं करून घ्यावं.

बोल्टचे आटे नव्या बोल्टशेजारी धरून पाहावेत. ताणलेल्या बोल्टची मान बारीक झालेली असते किंवा आट्यांमधलं अंतर जुळत नाही. टॉर्कनंतर अंशांत फिरवून आवळायचे बोल्ट मुद्दाम ताणण्यासाठीच असतात. पुष्कळ उत्पादक ते एकदाच वापरायला सांगतात. ते पुन्हा वापरून वाचणारी रक्कम आणि क्रँकची किंमत यांची तुलना करण्यात अर्थ नाही.

ऑइल सील गळत असेल, किंवा नसेलही, तरी इथवर आल्यावर नवं टाकावं. सील फिरतं त्या जागेवर नख अडकण्याइतकी चर पडली असेल तर नुसतं सील टिकणार नाही. दुरुस्तीची पातळ स्लीव्ह चढवावी किंवा सील थोडं वेगळ्या खोलीवर बसवावं, मॅन्युअल परवानगी देत असेल तर.

काय बदलायचं, काय वाचवायचं

कडं घसरलं असेल तर पुली बदलायची. डॅम्परचं रबर चिकटवून, वेल्ड करून किंवा खिळे ठोकून चालत नाही. ते क्रँकची पिळवटणारी कंपनं शोषायला असतं.

फक्त चावी दबली आहे आणि दोन्ही खाचा चौकोनी आहेत तर नवी चावी, नवा बोल्ट, झालं. स्प्रॉकेटची खाचही गेली असेल तर तेही बदलावं. जुनं स्प्रॉकेट ठेवून नवी चावी टाकली तर ती महिनाभरातच जुन्यासारखी होते.

अवघड प्रसंग क्रँकची खाच झिजण्याचा. सर्वांना माहीत असलेलं उदाहरण म्हणजे माझदा मियाटाची १९९० आणि १९९१ च्या सुरुवातीची, आखूड टोकाच्या क्रँकची १.६ लिटरची इंजिनं. तिथे चावीची लांबी कमी आणि बोल्टची मूळ आवळणीही कमी, १०८ ते ११८ न्यूटन-मीटर. नंतर लांब टोकाच्या क्रँकवर माझदाने ती १५७ ते १६७ केली. आखूड टोकाच्या इंजिनात बोल्ट जराही सैल राहिला की खाच खाल्ली जाते.

झीज थोडी असेल, म्हणजे काही दशांश मिलिमीटर, तर क्रँक न काढताही काम होतं. खाचेच्या कडेला वर आलेला धातू बारीक कानशीने फक्त समपातळीत आणायचा, खाच रुंद करायची नाही. नवी चावी, नवं स्प्रॉकेट, नवी पुली, नवा बोल्ट घ्यायचा. खाच आणि क्रँकचं टोक तेलमुक्त करून तिथे झिजलेल्या जोडांसाठीचं रिटेनिंग कंपाउंड लावायचं, लॉकटाइट ६६० सारखं, जे अर्ध्या मिलिमीटरपर्यंतची फट भरतं. हे आट्यांवर लावायच्या साध्या लाल किंवा निळ्या द्रवापेक्षा वेगळं, चांदीच्या रंगाचं दाट मलम असतं. सीलवर आणि बोल्टच्या आट्यांत ते जाऊ द्यायचं नाही. चावी, स्प्रॉकेट आणि पुली चढवून, खाचेची जी भिंत अजून सरळ आणि चौकोनी आहे तिला चावी टेकेल असं स्प्रॉकेट फिरवून धरायचं, आणि मलम पकडण्याआधीच बोल्ट शेवटच्या टॉर्कपर्यंत आवळायचा. या मधल्या वेळात क्रँक हलता कामा नये, म्हणून कॅम, बेल्ट, लॉक यांची तयारी आधी झालेली हवी. मग २४ तास गाडीला हात लावायचा नाही. पुढे कधी हा जोड सोडवायचा झाला तर तो भाग २५० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवावा लागतो, म्हणजे शेजारचं सील गेलंच म्हणून समजावं.

खाच इतकी गेली असेल की चावी आडवी फिरते, तर हा उपाय नको. खाच वेल्डने भरून मशीनवर पुन्हा कापणं किंवा क्रँक बदलणं, एवढेच दोन मार्ग उरतात. पुली क्रँकला वेल्ड करून काम भागवलेली इंजिनं दिसतात. पुढच्या टायमिंग बेल्टला त्यांचं काय होतं ते सांगायला नको.

बसवणं

बेल्ट, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग), आयडलर, वॉटर पंप यांची नेहमीची पद्धत इथे पुन्हा सांगत नाही. पुलीच्या जोडापुरतं हे:

१. बोल्टचं भोक रिकामं हवं. तळ बंद असलेल्या भोकात तेल किंवा कूलंट साचलेलं असलं तर बोल्ट द्रवावर अडतो आणि रेंच आधीच टिक्क करतो. डोळ्यांवर चष्मा लावून हवेने उडवावं. आटे साफ करायला टॅपने नवा धातू कापू नये. जुन्या बोल्टला लांबीत दोन चिरा पाडून तो घालून काढला तर कचरा सुरेख निघतो.

२. नवा बोल्ट पुलीशिवाय हाताने पूर्ण आत घालावा. डोकं आणि क्रँकचं टोक यांच्यात उरलेलं अंतर, क्रँकच्या टोकाबाहेर येणाऱ्या चळतीच्या जाडीपेक्षा कमीच असायला हवं, आणि तेही काही मिलिमीटरने. नाहीतर बोल्ट तळाला टेकतो आणि पुली सैलच राहते. चुकीच्या लांबीचा बोल्ट आला तर तो इथेच पकडला जातो.

३. चळतीच्या प्रत्येक तोंडावरचा गंज, रंग, बारीक कुसळ काढावं. नायलॉनचा खरखरीत पॅड पुरतो. खरखरीत पॉलिश पेपरने तोंडं गोलसर करू नयेत.

४. गाइड प्लेटची वळलेली कड बेल्टपासून लांब, बाहेर वळलेली हवी. उलटी बसली तर ती बेल्टची कड कापते, आणि काही रचनांत पुली पूर्ण आत जात नाही. वॉशरची एक कड उताराची असेल तर काढताना टिपलेली बाजू तशीच.

५. चावी खाचेत समांतर बसवून पुली हाताने पूर्ण आत सरकवावी. शेवटचे दोन मिलिमीटर अडले तर हातोडा किंवा बोल्ट वापरून ओढू नये. बाहेर काढून चावी बघावी. दहापैकी नऊ वेळा चावीचं एक टोक वर आलेलं असतं.

६. आट्यांना तेल लावायचं की कोरडं ठेवायचं हे त्या इंजिनाचं मॅन्युअल ठरवतं. कोरड्याचा आकडा तेल लावून वापरला तर बोल्ट जास्त ताणला जातो. तेलाचा आकडा कोरड्यावर वापरला तर दाब कमी पडतो. तेल सांगितलं असेल तरी ते पुली आणि स्प्रॉकेटच्या तोंडांवर लावायचं नसतं.

७. आवळताना क्रँक सोडवतानासारखाच पक्का धरलेला हवा. नुकताच बसवलेला टायमिंग बेल्ट आणि कॅमचे लॉक यांच्या जिवावर आवळलं तर जोर बेल्टच्या दातांवर जातो, क्रँक थोडा फिरतो, टेन्शनर सरकतो, आणि बोल्टला अपेक्षित आवळणी मिळतच नाही. बेल्टच्या कामानंतर पुली ढिली निघण्याचं हे सर्वात नेहमीचं कारण.

आकड्यांबद्दल. एका इंजिनाचा टॉर्क दुसऱ्याला लावू नये, कारण फरक प्रचंड असतो. फोक्सवॅगनच्या १.९ टीडीआयचा मधला बोल्ट १२० न्यूटन-मीटर अधिक ९० अंश आहे, आणि त्यातली बाहेरची पुली चार छोट्या बोल्टांवर वेगळीच बसते. होंडाच्या जुन्या जे मालिकेतल्या व्ही६ ला २४५ न्यूटन-मीटर लागतात. इम्पॅक्ट गनने ‘अंदाजे’ लावलेला बोल्ट कुठे थांबतो ते कोणालाच सांगता येत नाही. गन सोडवायला वापरावी, आवळायला नको. टॉर्क रेंचही त्याच्या क्षमतेच्या अगदी तळाला वापरू नये. क्षमतेच्या २० टक्क्यांच्या वर तो भरवशाचा असतो.

अंश मोजायचं यंत्र नसेल तर षटकोनी डोक्याचा उपयोग करावा. एका कोपऱ्यापासून पुढच्या कोपऱ्यापर्यंत ६० अंश, म्हणजे ९० साठी दीड कोपरा, १२० साठी दोन. बोल्टच्या कोपऱ्यावर आणि पुलीवर रंगाचे ठिपके देऊन एका दमात फिरवावं. मध्ये थांबून पुन्हा जोर लावला की घर्षण चढतं आणि हाताला वाटतं की झालं. ते झालेलं नसतं.

फिरवून पाहणं

लॉक आणि पिना काढून क्रँक हाताने चालण्याच्या दिशेने पूर्ण दोन फेऱ्या फिरवायचा; क्रँकच्या दोन फेऱ्या म्हणजे कॅमची एक. कुठेही ठाम अडथळा आला तर तिथेच थांबावं, जोर करून पुढे ढकलू नये. दोन फेऱ्यांनंतर सगळ्या खुणा जागेवर आणि टेन्शनरचा काटा त्याच्या खिडकीत हवा. क्रँकची खूण पुलीवर न पाहता स्प्रॉकेटवर पाहिली तर जास्त बरं.

मग पुलीच्या काठाजवळ पेन्सिल किंवा स्क्रू ड्रायव्हर कशाला तरी बांधून टोक काठापासून केसभर लांब ठेवायचं आणि पुली हाताने फिरवत अंतर कमीजास्त होतं का ते पाहायचं. डायल गेज असेल तर उत्तमच. अंतर बदलत असेल तर इंजिन चालू करण्यात अर्थ नाही. चळत पुन्हा उघडून बघावी: स्प्रॉकेट खांद्यापर्यंत गेलंय का, त्याच्यामागे जुन्या चावीचा तुकडा किंवा सीलची कड अडकलीय का, नव्या पुलीच्या मध्यावर रंगाचा गुठळा आहे का. स्वस्त नव्या पुल्या मुळातच वाकड्या निघतात. जुनी पुली चढवून तुलना केली की दोष क्रँकचा की पुलीचा हे लगेच कळतं.

इंजिन चालू झाल्यावर आयडलिंगला, मग एसी लावून, मग १५०० ते २००० फेऱ्यांवर पाहायचं. आधी असलेला ठोका गेला पाहिजे. बोल्टच्या डोक्यापासून वॉशरवरून पुलीपर्यंत रंगाची एक पातळ रेघ ओढून ठेवावी. काही दिवस गाडी चालल्यावर, इंजिन पाचसहा वेळा पूर्ण तापून थंड झाल्यावर, ती रेघ आणि मध्याजवळचा भाग पुन्हा बघावा. रेघ अखंड आणि विटकरी पूड नाही, तर जोड बसला. रेघ तुटलेली दिसली तर बोल्ट तिथल्या तिथे आणखी आवळू नये, विशेषतः अंशांवर ताणलेला तर मुळीच नाही. दाब कुठेतरी हरवतोय, म्हणजे एखादं तोंड नीट टेकलेलं नाही. ते चळत उतरवूनच सापडेल.